न पडणारं विमान

दादा, ठाकुर्लीच्या घरी भेटायला येणारा प्रत्येक जण आधी चहा नको म्हणतो, मग घेतो. आणि कप खाली ठेवता ठेवता हळूच विचारतो, "म्हणजे... विमान उडवत होता का तो?"

मी नाही म्हणते. "खडवलीला शेडमध्ये होता. बॅटरीने पेट घेतला. धूर छातीत गेला."

"अच्छा," म्हणतात, आणि त्यांचा चेहरा उतरतो. निदान तू वर तरी गेलेला असायला हवा होतास, असं त्यांना वाटतं. आठ वर्षं एक माणूस स्वतःच्या हाताने विमान बांधतो आणि ते जमिनीवरून वीतभरही न उठता माणूसच जातो, हे ऐकून कुणाचं समाधान होत नाही. माझंही होत नाही. तरी मी सगळं पहिल्यापासून सांगणार आहे, आणि तुलाच सांगणार आहे. दुसऱ्या कुणाला सांगायला बसले तर त्यात मी कुठे कुठे होते ते हळूच गाळून टाकीन. तुझ्यासमोर मला ते लहानपणापासून कधी जमलं नाही.

तू उंचीला घाबरायचास, हे सांगितलं तर लोक हसतात. चौथ्या मजल्याच्या आपल्या गॅलरीत तू कधी कठड्याला टेकून उभा राहिला नाहीस. बाहेरच्या दोरीवर कपडे घालायचे तर वहिनीने. मी एकदा चिडवत विचारलेलं, "मग विमान कशाला बांधतोयस रे?"

"म्हणूनच," तू म्हणालास. "मला न पडणारं विमान पाहिजे."

आणि मग जेवणाच्या टेबलावर फुटपट्टी घेऊन बसलास. जुन्या लग्नपत्रिकेचे दोन तुकडे कापलेस, लांबडा फुटपट्टीच्या मागच्या बाजूला चिकटवलास, छोटा पुढच्या टोकाला. "नेहमीच्या विमानात मोठा पंख पुढे आणि छोटा शेपटीला. आपलं उलटं. छोटा नाकापाशी, त्याला कॅनार्ड म्हणतात. मोठा मागे, आणि ढकलणारा पंखा सगळ्यात शेवटी. आता बघ. घाबरून कुणी नाक फार वर उचललं, वेग मेला, की नेहमीचं विमान अंग टाकतं. आपल्यात हा छोटा आधी दमतो. तो दमला की नाक आपोआप खाली येतं, वेग परत मिळतो. मोठ्याची दमायची वेळच येत नाही."

वहिनी पोळ्या लाटत होती. म्हणाली, "म्हणजे धाकट्याने मान टाकायची आणि मोठ्याने वाचायचं."

"धाकटी समोरच बसलीय, तिला विचार," तू म्हणालास, आणि आपण तिघंही हसलो.

त्या दिवसांत मला हसवणं सोपं नव्हतं. मी संसार मोडून माजिवड्याला एका खोलीत राहायला आलेले. कंपनीत यूपीएसच्या बॅटऱ्यांचं डिझाइन करायचं, खोलीवर यायचं, कुकरमधला भात कुकरमधूनच खायचा. आईला फोन करायची भीती वाटायची, कारण तिने "कशी आहेस" विचारलं तर मला उत्तर द्यायला लागलं असतं. तू काहीच विचारलं नाहीस. एका रविवारी आलास, दारातच उभा राहून म्हणालास, "मिनू, फायबर ग्लासचं मी सगळं करीन, तो माझा धंदा आहे. पण मला विजेतलं काही कळत नाही. मोटर, बॅटरी, कंट्रोलर सगळं तू बघायचं. तू नाही बघितलंस तर हे विमान होणार नाही. चल."

तेव्हा मला वाटलं, माझ्यावाचून कुणाचं तरी काहीतरी अडलंय. त्या एका गोष्टीवर मी ते वर्ष काढलं.

मी बॅटरीवाली असूनही पहिल्यांदा तुला विरोधच केला होता, आठवतं? मी म्हटलं, साधं पेट्रोल इंजिन लाव, मोकळा हो. तू ऐकेनास. "मागे एक छोटं इंजिन ठेवायचं, ते पंखा फिरवणार नाही, नुसती वीज बनवणार. पंखा फिरवणार मोटर. चढताना जोर लागतो तेव्हा बॅटरी आणि इंजिन दोघं मिळून वीज देतील, वर गेल्यावर इंजिन एकटं पुरेल. इंजिन बंद पडलं तर बॅटरीवर खाली उतरता येईल. बॅटरी गेली तर इंजिन घरी आणेल. एक मेलं तरी दुसरं आहे."

तुझं सगळं डिझाइनच असं होतं. प्रत्येक गोष्टीच्या मागे दुसरी गोष्ट उभी. दिशा वळवणाऱ्या रडरला दोन केबली, दाराला दोन कड्या. मला वाटायचं, हा माणूस विमान बांधत नाहीये, पडण्याच्या एकेका कारणाला गाठून बंद करतोय.

त्या आठ वर्षांतलं एक काम मला अजून हाताला जाणवतं. पंखांसाठी फोमचे ठोकळे कापायचं. दोन टोकांना दोन माणसं, मध्ये तापलेली तार, आणि लाकडी साच्यांवर आपण पेनाने लिहिलेले आकडे. दोघांनी एकाच वेळी एकाच आकड्यावर पोचायचं, नाहीतर पंखाला पीळ पडणार. तू आकडे म्हणायचास, मी तुझ्यामागून म्हणायची. "दहा." "दहा." "अकरा." "अकरा... थांब, मी मागे आहे." "थांबलो." तार फोममध्ये थांबली की तिथे खड्डा पडतो, म्हणून थांबणंही नेमकं असायला लागायचं. चार तासांत आपण दुसरं काही बोललो नाही, आणि मला वाटतं, त्या चार तासांत मी बरी झाले. घरी आल्यावर वहिनी ओरडली, "आमटीत थर्माकोलचे दाणे आहेत!" तू ताटातून एक उचलून तोंडात टाकलास आणि म्हणालास, "हलकी झालीय आमटी."

मग वजनावरून भांडणं सुरू झाली.

बॅटरी नाकात ठेवली होती, पायलटच्या पायांच्या पुढे, कारण इंजिन आणि मोटर दोन्ही मागे आणि तोल सांभाळायला पुढे वजन हवं. सहा मोड्यूल होते, प्रत्येकात सेलचा एक गठ्ठा. मी पेटी आखली ती कंपनीत आखते तशी आखली. दोन मोड्यूलांच्या मध्ये एकेक जाड पत्रा, त्याला दोन्हीकडून अभ्रकाचा थर. एक मोड्यूल पेटला तर तो एकटा जळून जावा, शेजाऱ्याला लागू नये. पेटीच्या वर एक धुराडं, धूर बाहेर जायला. आणि दोन नियम. पेटी उघडायची तर दोन माणसं पाहिजेत. आणि शेडच्या दाराशी रेतीच्या बादल्या कायम भरलेल्या पाहिजेत. तू बादल्यांवर लाल रंगात "मिनू" असं लिहून ठेवलंस. चेष्टा म्हणून.

सगळं जोडून विमान काट्यांवर चढवलं तेव्हा नाक जड निघालं. चार किलोने. तू दोन दिवस कागद घेऊन बसलास आणि म्हणालास, एवढ्या जड नाकाला कॅनार्ड वेळेवर उचलणार नाही, धावपट्टी संपायला येईल तेव्हा उचलेल. बॅटरी मागे सरकवायची तर पायांजवळची भिंत कापून परत बांधायला लागणार, दोन-तीन महिन्यांचं काम. नाहीतर पेटीतले पत्रे काढायचे. ते बरोबर चार किलो होते.

मी नाही म्हटलं. तू म्हणालास, "सेल चांगले आहेत, तूच निवडलेत. तुझा बोर्ड प्रत्येक सेलवर नजर ठेवून आहे. पेटेल कशाला?"

"पेटणार नाही म्हणून पत्रे नसतात रे. पेटलं तर काय, म्हणून असतात."

"आणि नाक उचललं नाही तर काय?"

तीन रविवार हेच. चौथ्या रविवारी मी थकलेले होते. तुझेही डोळे आत गेलेले. ती भिंत परत कापायची, परत घासायची, परत अंगाला फायबरची खाज, ह्या विचारानेच मला नको झालं. आणि खरं सांगू? मला ते चालताना बघायचं होतं. मी नवीन ड्रॉइंग काढलं, त्यात पत्रे नव्हते. खालच्या चौकटीत तुझ्याच नियमाप्रमाणे सही लागायची, ज्याचा भाग त्याची सही. मी सही केली. तू ते ड्रॉइंग भिंतीवर लावलंस आणि मला वडापाव आणायला गेलास.

 शेडशेजारी राहणाऱ्या बाळारामच्या माळावर, भात कापून जमीन कडक झाल्यावर, आपण विमान पहिल्यांदा स्वतःच्या जोरावर पळवलं. उडवायची परवानगी अजून लांब होती, हे नुसतं पळवणं. तू आत, मी बांधावर लॅपटॉप घेऊन, बाळाराम म्हशी बाजूला धरून. पंख्याचा आवाज इतका कमी होता की चाकांखाली ढेकळं फुटलेली ऐकू येत होती. माळाच्या टोकाशी जाऊन तू वळलास, परत आलास, काच उघडलीस. तुझा चेहरा मी तसा आयुष्यात पाहिला नव्हता. मला तो फार वेळ बघता आला नाही, कारण स्क्रीनवर तिसऱ्या मोड्यूलचं तापमान बाकीच्यांपेक्षा वर होतं.

"बस झालं आज," मी म्हटलं. "तिसरा गरम होतोय."

"किती?"

मी आकडा सांगितला.

"हे काय गरम? एक फेरी अजून."

"दादा, नाही."

"मिनू, इथे तुझ्या कंपनीचं ऑडिट नाहीये. आठ वर्षांनी चाललंय ते. एक फेरी."

आणि मी म्हणाले ते म्हणाले. बाळारामने ऐकलं, त्याने मान फिरवली. "तुला मरायचंच असेल तर मर. पण माझ्या बॅटरीवर मरू नकोस."

तू मग पट्टा सोडलास. "तुझी बॅटरी," म्हणालास. "बरं. घेऊन जा मग तुझी बॅटरी."

दुसरी फेरी झाली नाही. आपण विमान ढकलत शेडमध्ये नेलं, दोघं दोन बाजूंनी, एक शब्द न बोलता. मी एकटी स्टेशनवर चालत आले. तुझ्याशी बोललेलं माझं शेवटचं वाक्य तेच आहे, आणि त्याला मी आता काहीही करू शकत नाही.

एकोणीस दिवस आपण बोललो नाही. पहिला आठवडा मी रागात होते. दुसऱ्या आठवड्यात राग नव्हता, नुसती सवय होती. तू पहिला फोन करशील अशी वाट बघत होते, कारण लहानपणापासून तूच करायचास. मग एका मंगळवारी, ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत, मी त्या दिवसापर्यंतची नोंद लॅपटॉपवर नीट उघडून बघितली. तिसऱ्या मोड्यूलमधला सातवा सेल. पळवण्याच्या आधीच्या आठवड्यापासून काही काम नसतानाही त्याचा चार्ज हळूहळू उतरत होता. माझ्या धंद्यात ह्याचा अर्थ सगळ्यांना माहीत असतो. सेल आतल्या आत बिघडलाय. असा सेल कधी काय करेल सांगता येत नाही.

मी फोनवर टाइप केलं: "तिसऱ्या मोड्यूलला हात लावू नकोस. चार्ज करू नकोस. मी रविवारी येते."

पाठवलं नाही. वाचून बघितलं तर मला ते हुकूम सोडल्यासारखं वाटलं. वाटलं, परत भांडण होईल. वाटलं, तसाही हा माझ्याशिवाय पेटी उघडणार नाही, नियम आहे. रविवारी समोरच सांगू. तो मजकूर अजून माझ्या फोनमध्ये तसाच पडून आहे, पाठवायच्या बाणाच्या शेजारी.

गुरुवारी दुपारी बाळारामचा फोन आला.

तुला कल्याणला हॉस्पिटलात आणलं होतं. मी पोचले तेव्हा वहिनी आत होती. तीस वर्षं नर्स असलेल्या बाईला कुणी काही समजावून सांगायला लागत नाही. डॉक्टर तिच्याशी बोलत होते आणि ती नुसती मान हलवत होती, प्रश्न विचारत नव्हती, त्यावरून मला कळलं. बाहेर येऊन तिने माझा हात धरला आणि मला खुर्चीवर बसवलं. म्हणाली, "बाहेरून भाजलेलं फार नाहीये. आतून भाजलंय." मग म्हणाली, "तू काही खाऊन घे. हे तीन-चार दिवस चालेल."

चार दिवस चाललं. तुझ्या तोंडात नळी होती, डोळे मिटलेले. तू मला ऐकलंस की नाही, माहीत नाही. मी तुझ्या कानाशी वाकून काही बोललेच नाही, कारण समोर दुसऱ्या पेशंटची माणसं होती आणि मला लाज वाटली. ह्या असल्या कारणाने माणूस गप्प राहतो, दादा.

दहाव्याच्या दुसऱ्या दिवशी मी खडवलीला गेले. पंचनामा आधीच झालेला. विमानाचं नाक उरलंच नव्हतं, पायलटची बैठक वितळून खाली बसलेली. पंख सोडवून बाजूच्या भिंतीला टांगलेले होते ते काळे पडलेत, पण आहेत. बाळाराम माझ्या मागे उभा राहून सांगत होता. त्याने एकही शब्द वाढवून सांगितला नाही, म्हणून जास्त लागलं.

"दादा सकालपासून आतच व्हते. मी म्हशींना पानी पाजीत व्हतो. फाट करून आवाज आला. दादा भायेर आले, खोकत व्हते. मी बोललो, काय झाला? बोलले, काय नाय, एकच पेटलाय, रेती टाकतो, इझंल. बादली घेतली, आत गेले. परत भायेर आले, दुसरी घेतली. मंग आतून लागोपाठ आवाज आले, फाट फाट फाट. तिसऱ्यांदा मी त्यांचा दंड धरला. बोललो, आता नका जाव. बोलले, आलोच."

शेडचा मागचा पत्रा उचकटून बाळाराम आणि त्याच्या भावाने तुला बाहेर काढलं.

एकच पेटलाय, असं तू म्हणालास. मी तिथे उभी राहून तेवढंच ऐकत राहिले. आपल्या पहिल्या ड्रॉइंगप्रमाणे एकच पेटला असता, आणि दोन बादल्या रेतीत विझलाही असता. धावपळीत तुझ्या डोक्यात पेटीचं पहिलं ड्रॉइंग होतं. पत्र्यांचं.

शेडच्या खिडकीत तुझी वही सापडली, कडा जळलेली. शेवटच्या पानावर रविवारची तारीख होती, म्हणजे माझ्या मंगळवारच्याही दोन दिवस आधीची. तुझं ते शिसपेन्सिलीचं बारीक अक्षर. "मो. ३, सेल ७ उतरतोय. मिनूचं बरोबर होतं. मो. ३ काढून माजिवड्याला तिच्याकडे नेऊन द्यायचा. तिलाच कळेल."

म्हणजे तुलाही कळलेलं. आणि तू तो मोड्यूल सोडवत होतास तो माझ्याकडे घेऊन यायला. फोन करायच्या ऐवजी. तुला हातात काहीतरी घेतल्याशिवाय कुणाच्या दारात जाता आलं नाही कधी. त्या दिवशी पाना निसटला, की सेलने स्वतःच जीव सोडला, ते मला कधीच कळणार नाही. मी पन्नास वेळा मनात ती पेटी उघडून बघितली.

आपल्यासारखं घरी विमान बांधणारी जी मोजकी माणसं आहेत, त्यांच्या फोनवरच्या ग्रुपमध्ये तुझी बातमी पोचलीच होती. कुणी लिहिलं, चार्जर खराब असणार. कुणी लिहिलं, हौशी माणसांनी बॅटरीच्या नादाला लागू नये. नागपूरकडच्या एकाने मला वेगळं लिहून विचारलं, "ताई, माझ्या विमानातही बॅटरी नाकात आहे. वजनासाठी मीही मधले पत्रे काढायच्या विचारात आहे. तुमच्यात पत्रे होते का?"

त्याला एका ओळीत उत्तर देता आलं असतं. पण मला वाटलं, नीट अहवाल लिहायला हवा, नावानिशी. म्हणून मी ठाकुर्लीला येऊन तुझ्या कपाटावरच्या ड्रॉइंगच्या गुंडाळ्या खाली काढल्या. पहिल्यापासून क्रम लावायचा होता.

सगळ्यात तळाची गुंडाळी मी कधी पाहिलेली नव्हती. तेच विमान, तोच कॅनार्ड, तुझंच अक्षर. मागे एक साधं पेट्रोल इंजिन, थेट पंख्याला जोडलेलं. बॅटरी नाही, मोटर नाही. नाकात नुसती सामान ठेवायची जागा. तारीख होती मी माजिवड्याला येण्याच्या दोन महिने आधीची.

मी वहिनीला हाक मारली. तिने कागदाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि पलंगावर बसली.

"तू जेवत नव्हतीस तेव्हा," ती म्हणाली. "तो तुझ्या खोलीवर जाऊन आला आणि घरी म्हणाला, हिला काम द्यायला पाहिजे. मी म्हटलं, दे की काहीतरी. तर म्हणाला, काहीतरी नको. खोटं काम तिला लगेच कळेल. ती नसेल तर खरंच अडेल असं पाहिजे. मग महिनाभर बसून त्याने सगळं परत आखलं."

"विजेतलं काही कळत नाही म्हणाला होता मला."

"मिनू, आपल्या घरातलं अख्खं वायरिंग त्याने केलंय."

मला रडू आलं नाही. मी तो कागद परत गुंडाळायला लागले आणि तो नीट गुंडाळला जाईना. ती बॅटरी विमानाला नको होती, दादा. ती मला हवी होती म्हणून तू विमानात ठेवलीस. मी त्यावर जगले, हे खरं आहे. आज माझी नोकरी, माझं डोकं, माझ्या हाताखाली शिकणाऱ्या मुली, हे सगळं त्या खोट्यावर उभं आहे. आणि तू त्यानेच गेलास. ह्या दोन गोष्टी शेजारी ठेवून बघायची ताकद अजून माझ्यात आलेली नाही. आभार मानायला जाते तर ती जळलेली शेड समोर येते, आणि नुसतं रडायला बसले तर तू आठ वर्षं मला दिलेलं सगळं त्यात बुडून जातं.

अहवाल मी तीन दिवसांत लिहिला. पहिल्या पानावर "आराखडा आणि बांधणी" म्हणून आपली दोघांची नावं. मग सगळा क्रम. सेल, नोंदी, वजन, ड्रॉइंगमधला बदल. शेवटच्या पानावर लिहिलं: "मधले पत्रे काढण्याचा निर्णय माझा होता. आग पसरण्याला मी जबाबदार आहे." न पाठवलेल्या निरोपाचं मी त्यात घातलंच नव्हतं, पण पाठवायच्या आधी वहिनीला वाचायला दिलं तेव्हा तेही तोंडाने सांगून टाकलं. मंगळवार, जेवणाची सुट्टी, सगळं.

तिने चष्मा काढला.  खाली सोसायटीत कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं आणि ती सुरू होत नव्हती.

"हे असं नाही पाठवायचं," ती म्हणाली.

"का?"

"पहिल्या पानावर दोन नावं आहेत. शेवटच्या पानावर एकच. विमान दोघांचं आणि चूक एकटीची?"

"सही माझी आहे, वहिनी."

"मागितली कोणी?"

मी शेवटच्या पानाकडे बघितलं.

"एकट्याने पेटी कोणी उघडली? नियम तोंडपाठ होता त्याला. मलासुद्धा आहे." तिचा आवाज चढला नव्हता. "हे बघ, मला तुझा राग आलाय. त्या निरोपाचा तर फारच. तो कधी जाईल, जाईल की नाही, मला सांगता येणार नाही. पण मला अजितचाही राग आलाय. आणि तू सगळं स्वतःच्या डोक्यावर घेतलंस, तर मी त्याच्यावर रागावू कशी? वॉर्डात रोज बघते मी. माणूस गेला की घरचे त्याचा देव करतात. मला घरात देव नकोय. माझा नवरा जसा होता तसा राहू दे. हट्टी होता, तर हट्टीच राहू दे."

मी ते पान परत लिहिलं. ती शेजारी बसून होती. "मधले पत्रे काढण्याचा निर्णय दोघांचा होता. तिसऱ्या मोड्यूलची शंका मिनूला आली होती, तिने ती कळवली नाही. अजितलाही आली होती, त्यानेही कळवली नाही. पेटी एकट्याने उघडायची नाही हा नियम अजितने मोडला." वहिनीने वाचलं, मान हलवली, आणि मी ते पाठवलं. नागपूरच्या माणसाचं तासाभरात उत्तर आलं. पत्रे ठेवतोय म्हणाला, भिंत कापायला घेतोय.

वहिनी अंघोळीला गेली, आणि तू गेल्यापासून पहिल्यांदाच मला तुझा राग आला. इतका की मी तुझ्या खुर्चीला लाथ मारली. पत्र्यांचं मला समजतं, त्यात मी होते. अबोल्याचं समजतं, तो आपल्या दोघांच्या रक्तात आहे. तू एकट्याने पेटी उघडलीस तेही मी समजून घेईन, कारण तू माझ्याकडे यायला निघाला होतास. पण दादा, बाळारामने तुझा दंड धरलेला होता. तू बाहेर होतास, उजेडात, दोन पायांवर उभा. आतून आवाज येत होते, एकाहून जास्त पेटलेत हे तुला कळलेलं होतं. विमान परत बांधता आलं असतं रे. आपण परत फोम कापला असता, परत आकडे म्हटले असते, मी आठ काय दहा वर्षं आले असते दर रविवारी.

तिसऱ्यांदा आत का गेलास?